आजी आधी की शेत आधी?

कुकी क्लिकर हा खेळ समजावून सांगायला एक वाक्य पुरतं. पडद्यावर एक भली मोठी कुकी असते आणि तिच्यावर क्लिक केलं की तुमच्या खात्यात एक कुकी जमा होते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ज्युलियन तिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने तो इंटरनेटवर टाकला, आणि तेव्हापासून जगभरातली भली शहाणीसुरती माणसं कामाच्या वेळात एका कोपऱ्यातल्या टॅबमध्ये कुकी भाजत बसली आहेत. मीही त्यातलाच.

खरा खेळ क्लिक करण्याचा नाहीच. १५ कुकी जमल्या की एक कर्सर घेता येतो, तो आपोआप क्लिक करत राहतो. १०० कुकींना एक आजी मिळते, ती दर सेकंदाला एक कुकी भाजते. ११०० ला शेत, सेकंदाला ८ कुकी. १२,००० ला खाण, सेकंदाला ४७. १,३०,००० ला कारखाना, २६०. १४ लाखांना बँक, १४००. पुढे देऊळ, जादूगाराचा मनोरा आणि काय काय. कुकीचं शेत कसं असतं, खाणीतून कुकी कशा निघतात, हे विचारायचं नाही.

म्हणजे वरवर पोरखेळ असला तरी आत एक धंदा आहे. भांडवल मर्यादित, यंत्रसामग्री वीस प्रकारची, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच: हातात आलेला पैसा कशात घालू? व्यवसायाचे जे जे खेळ मोबाइलवर मिळतात, सरबताच्या गाडीपासून विमानतळापर्यंत, त्या सगळ्यांच्या पोटात हाच प्रश्न असतो. कुकी क्लिकरमध्ये तो इतका उघडा आहे की कागदावर सोडवता येतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो.

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत राहायला आला होता. दोन लॅपटॉपवर दोघांनी एकदमच खेळ सुरू केला. आकडेमोड सोपी राहावी म्हणून नियम असा ठरवला की पहिल्या तीन आज्या क्लिक करून मिळवायच्या, आणि मग माऊसला हात लावायचा नाही. तीन आज्या झाल्या, म्हणजे सेकंदाला तीन कुकी. तो म्हणाला, "मामा, आता मी काही घेणार नाही. डायरेक्ट शेत." मी चौथी आजी घेतली. तो हसला.

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, उलट त्याने हिशोब केला होता. कुठलीही वस्तू घेताना आपण विचारतो ना, पैसे वसूल व्हायला किती दिवस लागतील? तोच हिशोब. किमतीला उत्पन्नाने भागायचं. पहिली आजी १०० कुकींची, सेकंदाला १ देते, म्हणजे १०० सेकंदांत वसूल. कर्सर १५ चा, पण सेकंदाला ०.१ च देतो, म्हणजे १५० सेकंद. (स्वस्त दिसणारी वस्तू महाग पडते याचं याहून छोटं उदाहरण मला माहीत नाही.) शेताला साडे१३७ सेकंद, खाणीला २५५, कारखान्याला ५००, बँकेला १०००. जसजसं वर जावं तसतशी वसुली लांबते.

मग आज्याच घेत सुटायचं? तसं करता येत नाही, कारण इथे एक मेख आहे. एक वस्तू घेतली की तीच पुढची वस्तू १५ टक्क्यांनी महाग होते. आजीची किंमत १००, मग ११५, १३३, १५३, १७५, २०२, २३२, २६७ अशी चढते. आजी मात्र म्हातारीच, ती पहिलीइतकीच एक कुकी देते. तेव्हा चौथ्या आजीची वसुली १५३ सेकंद झाली, आणि शेताची साडे१३७ च आहे. भाच्याचा निष्कर्ष: तीन आज्या झाल्या की शेत बरं.

पण शेत यायला ११०० कुकी हव्यात आणि गल्ल्यात शून्य आहे. सेकंदाला तीनच्या गतीने ११०० जमवायला ३६७ सेकंद लागतात. सहा मिनिटं तो नुसता बसून राहिला. मी ५१ सेकंदांत चौथी आजी घेतली, त्यानंतर ४४ सेकंदांत पाचवी, आणि आता सेकंदाला पाच येत असल्यामुळे शेताचे ११०० मला २२० सेकंदांत जमले. एकूण ३१५ सेकंद. म्हणजे शेत त्याच्या ५२ सेकंद आधी, आणि वर दोन आज्या जास्त.

त्याला हे पटलं नाही. परत खेळू म्हणाला. परत तेच झालं.

चूक कुठे झाली? वसुलीचा हिशोब वस्तू हातात आल्यानंतर सुरू होतो. ती हातात येईपर्यंत आपण जो वेळ ताटकळतो तो त्या हिशोबात धरलेलाच नसतो. तो वेळ फुकट नाही, कारण तेवढ्या वेळात छोटी वस्तू येऊन कामालाही लागली असती. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे मांडायचे आणि त्यांची बेरीज करायची. पहिला आकडा जमवणीचा: किंमत भागिले सध्याचं एकूण उत्पन्न. दुसरा वसुलीचा: किंमत भागिले त्या वस्तूमुळे वाढणारं उत्पन्न. बेरीज जिची सर्वात कमी, ती आधी घ्यायची.

तीन आज्यांच्या मुक्कामावर हे लावून बघा. चौथी आजी: जमवणी ५१, वसुली १५३, बेरीज २०४. शेत: जमवणी ३६७, वसुली साडे१३७, बेरीज ५०४. तुलना कसली, आजी कितीतरी पुढे.

आता, ही बेरीजच का? गुणाकार का नाही, सरासरी का नाही? मला सुरुवातीला हा कुणीतरी अंदाजपंचे ठरवलेला ठोकताळा वाटला होता. तसा तो नाही. समजा तुम्हाला आजी आणि शेत दोन्ही घ्यायचेच आहेत, प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आजी-शेत या क्रमाने गेलात तर एकूण वेळ म्हणजे आजीची जमवणी आजच्या उत्पन्नावर, अधिक शेताची जमवणी वाढलेल्या उत्पन्नावर. शेत-आजी या क्रमाने गेलात तर उलट. या दोन वेळांची तुलना मांडा, दोन्ही बाजूंचं समान असेल ते काढून टाका, आठवीतल्या बीजगणितापेक्षा जास्त काही लागत नाही. शेवटी एका बाजूला फक्त आजीचे आकडे उरतात आणि दुसऱ्या बाजूला फक्त शेताचे. ते आकडे म्हणजे हीच बेरीज, जमवणी अधिक वसुली. ज्याची बेरीज लहान ते आधी घेतलं की दोन्ही वस्तू मिळून लवकर पदरात पडतात. ज्याला कागद-पेन घेऊन बसायची हौस आहे त्याने जरूर करून पाहावं, पाच ओळींत निघतं.

गल्ल्यात आधीच काही शिल्लक असेल तर जमवणीचा आकडा काढताना ती किमतीतून वजा करायची. आजी घेण्याइतक्या कुकी पडलेल्याच असतील तर तिची जमवणी शून्य. वसुली काढताना मात्र पूर्ण किंमत धरायची. पैसे गेले ते गेलेच, आधीपासून खिशात होते म्हणून ते कमी जात नाहीत.

पुढे चालू ठेवू, कारण खरी गंमत पुढेच आहे. सहावी आजी २०२ ची. पाच आज्यांवर तिची बेरीज २४२, शेताची ३५७. म्हणजे आजी. इथे एक बारीक खोच आहे: सहावी आजी घेतली तर शेत खरं तर चार सेकंद उशिरा येतं. तुमचं ध्येय 'शेत मिळालं की लॅपटॉप बंद' असं असेल तर पाचव्या आजीलाच थांबायला हवं. पण शेतानंतरही खेळायचं असेल तर सहावी घेणंच बरं, कारण आजी आणि शेत दोन्ही मिळून बारा सेकंद लवकर होतात. खेळ कुठे संपणार आहे यावर उत्तर बदलतं, आणि हे बहुतेक जण विसरतात. शेवट जवळ आला की नियम साधा होतो: ती वस्तू घेतल्यावर ध्येयापर्यंत जेवढा वेळ उरेल, तेवढ्यात ती वसूल होणार असेल तरच घ्या. सहाव्या आजीची वसुली २०२ सेकंदांची होती आणि तिच्यानंतर शेतापर्यंत १८३ च सेकंद उरत होते. म्हणून ती चार सेकंदांनी मागे पडली.

सहा आज्यांवर सातवीची बेरीज २७१, शेताची ३२१. पुन्हा आजी. सात आज्यांवर मात्र आठवीची बेरीज ३०५ आणि शेताची २९५. पारडं फिरलं. नुसती वसुली बघणारा तीन आज्यांवर शेताकडे वळत होता, जमवणी धरणारा सातावर वळतो.

वळला असता, असं म्हणू. कारण दुकानात एक तिसरी गोष्ट आहे.

कुकी क्लिकरमध्ये कर्सर, आजी, शेत या सगळ्यांना 'इमारती' म्हणतात, आणि त्यांच्या वर एक अपग्रेडची पट्टी असते. आजीचं पहिलं अपग्रेड १००० कुकींचं. ते घेतलं की सगळ्या आज्यांचं उत्पन्न दुप्पट. नवे खेळाडू ते दिसल्या दिसल्या घेतात किंवा बघतच नाहीत. दोन्हींत नुकसान. एक आजी असताना हे अपग्रेड हजार कुकींमध्ये एक जादा कुकी देतं, म्हणजे शुद्ध उधळपट्टी. सात आज्या असताना तेच सात कुकी वाढवतं: जमवणी १४३, वसुली १४३, बेरीज २८६. शेताच्या २९५ पेक्षा कमी! म्हणजे सात आज्यांवर योग्य उत्तर आजीही नाही आणि शेतही नाही, अपग्रेड आहे.

आणि ते घेतल्यावर आज्या परत शर्यतीत येतात. आता एक आजी दोन कुकी देते, उत्पन्न १४ झालंय. आठवीची बेरीज १५३ वर घसरते, शेताची २१६ असते. आठवी घ्या, नववी घ्या. दहावीला १९६ विरुद्ध १९९, अगदी निसटता विजय. अकरावीला २२३ विरुद्ध १९३, आता मात्र शेत. भाच्याने हे सगळं वहीत तक्ता करून लिहिलं आणि मग मला विचारलं की मामा, हे आपण खेळतोय की अभ्यास करतोय. मी विषय बदलला.

अपग्रेड कधी घ्यायचं याचं सूत्र वेगळं नाही, हे सांगण्यासाठी एवढा प्रपंच. इमारत असो की अपग्रेड, दोन्ही शेवटी 'इतके पैसे घालून उत्पन्न इतकं वाढतं' एवढंच सांगतात. फरक इतकाच की इमारतीची वाढ ठरलेली असते, अपग्रेडची वाढ तुमच्याकडे आधी काय आहे त्यावर ठरते. म्हणून अपग्रेड 'चांगलं' की 'वाईट' असं नसतं, ते लवकर किंवा उशिरा असतं.

माऊसला हात न लावायचा नियम मी मुद्दाम घातला होता. प्रत्यक्षात सुरुवातीला हातच मुख्य यंत्र आहे. सेकंदाला पाच क्लिक म्हणजे पाच आज्या झाल्या की. एक कर्सर घेतला की १०० कुकींचं एक अपग्रेड उघडतं, त्याने क्लिकही दुप्पट होतात. सेकंदाला पाच क्लिक करणाऱ्याची वसुली २० सेकंद! आजीच्या १०० सेकंदांशी त्याची बरोबरीच नाही. तेव्हा अगदी पहिली खरेदी म्हणजे कर्सर, दुसरी हे अपग्रेड, आणि मग आज्या. बोटं दुखायला लागेपर्यंत हे चालतं.

जसजसा खेळ वाढतो तसतशी जमवणी लहान होत जाते आणि वसुली मोठी. सेकंदाला दहा लाख कुकी येत असताना शेत घ्यायला वेळच लागत नाही, मग नुसती वसुली बघितली तरी चालतं. नवी इमारत पहिल्यांदा दिसते तेव्हा मात्र जमवणी परत डोकं वर काढते. तिथे बहुतेकांची घाई होते. नवं काहीतरी दिसलं की ते घ्यावंसं वाटतं, हा दोष खेळाडूचा नाही, खेळ बनवणाऱ्याने पट्टीवर पुढच्या इमारतीची काळी सावली मुद्दाम ठेवलेली असते.

१५ टक्क्यांची वाढ किती निर्दयी आहे हेही एकदा बघून घ्यावं. पाच वस्तूंमागे किंमत साधारण दुप्पट होते. दहा घेतल्यावर चौपट. ५० घेतल्यावर १०८४ पट. १०० घेतल्यावर पावणेबारा लाख पटींच्या घरात, म्हणजे १०१ वी आजी ११ कोटी ७४ लाखांच्या आसपास पडते. आणि उत्पन्न? १०० आज्यांचं उत्पन्न एका आजीच्या १०० पटच. किंमत गुणाकाराने चढते, उत्पन्न बेरजेने. अपग्रेड त्या बेरजेला मधूनमधून दुप्पट करून थोडा श्वास देतात, पण कुठलीही एक इमारत कायमची फायद्याची राहू शकत नाही. म्हणून खेळात दहा-वीस प्रकारच्या इमारती ठेवाव्या लागतात, आणि आकडे असे फुगत जातात की आपल्या जुन्या मोजणीतला परार्ध, म्हणजे एकावर १७ शून्यं, हा इथे मधलं स्टेशन ठरतो.

सगळ्या खेळांत ही वाढ १५ टक्के नसते. कॅनडातल्या हायपर हिप्पो कंपनीचा ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट बघा, तो २०१४ चा. त्यात सरबताच्या गाडीची किंमत दर वेळी ७ टक्क्यांनी वाढते आणि वर्तमानपत्राच्या धंद्याची १५ टक्क्यांनी. पण तिथे एक निराळी चाल आहे: एखाद्या धंद्याचे २५ नग झाले की त्याचा वेग दुप्पट, ५० झाले की पुन्हा दुप्पट, १०० झाले की पुन्हा. इथे एकेका नगाचा हिशोब फसवतो. २० नग आहेत, २१ वा घेतला तर उत्पन्न एका नगाने वाढतं, २२ व्याचंही तेच, आणि वसुली बघून तुम्ही दुसऱ्या धंद्याकडे वळता. पण २१ ते २५ हे पाच नग एकत्र, एकच वस्तू म्हणून धरा. उत्पन्न २० नगांइतकं होतं ते २५ नगांच्या दुप्पट, म्हणजे ५० नगांइतकं झालं. पाच नगांच्या किमतीत तीस नगांची वाढ. जिथे असे टप्पे असतात तिथे टप्प्यापर्यंतचा अख्खा गठ्ठा एक वस्तू मानून त्याची जमवणी आणि वसुली काढायची. सूत्र तेच, नुसतं नग कशाला म्हणायचं ते बदललं.

परत कुकींकडे. एवढा वेळ मी गृहीत धरलं की पैसा गल्ल्यात पडून राहणं म्हणजे नुकसान. कुकी क्लिकरने यालाही अपवाद ठेवलाय. मधूनमधून पडद्यावर एक सोनेरी कुकी उगवते आणि काही सेकंदांत विरते. ती टिपली की कधीकधी बक्षीस लागतं: तुमच्या शिलकीच्या १५ टक्के किंवा १५ मिनिटांचं उत्पन्न, यातलं जे कमी असेल ते (आणि वर १३ कुकी, का कोण जाणे). शिल्लक शून्य असेल तर बक्षीसही जवळपास शून्य. पूर्ण बक्षीस हवं तर १५ टक्के शिल्लक म्हणजे ९०० सेकंदांचं उत्पन्न व्हायला हवं, म्हणजे शिल्लक ६००० सेकंदांच्या उत्पन्नाइतकी हवी. १०० मिनिटांची कमाई बाजूला ठेवायची.

ठेवावी का? तिचीही वसुली काढा. समजा तुमच्या हाताला वीस मिनिटांत असं एक बक्षीस लागतं. मग १०० मिनिटांची ठेव वीस मिनिटांमागे १५ मिनिटं परत देते, म्हणजे साधारण सव्वादोन तासांत वसूल. सुरुवातीला आजीची वसुली दोन-तीन मिनिटांची असताना ही ठेव ठेवणं खुळेपणा आहे. पुढे इमारतींची वसुली तासांमध्ये गेली की हीच ठेव सगळ्यात चांगली 'इमारत' ठरते. अट एवढीच की तुम्ही पडद्यासमोर बसलेले हवेत. रात्री टॅब उघडा ठेवून झोपणाऱ्याने झोपायच्या आधी ती ठेव मोडून इमारतींत घालावी, हे माझं मत. भाचा झोपायच्या आधी काहीच न करता लॅपटॉप मिटायचा, त्याबद्दल न बोललेलं बरं.

या सगळ्यानंतर कुणी विचारेल की मग अचूक, सर्वोत्तम क्रम काढता येतो का? तर हा प्रश्न खरंच संगणकशास्त्रज्ञांनी घेतला होता. एमआयटीचे एरिक डिमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कुकी क्लिकरवर शोधनिबंध लिहिला. त्यात दाखवलंय की या खेळाची काही रूपं एनपी-हार्ड आहेत, म्हणजे अचूक उत्तर हमखास आणि झटपट काढणारी रीत ज्यांच्यासाठी कुणाला माहीत नाही अशा प्रश्नांच्या रांगेत ती बसतात. आपली बेरीज दोन वस्तूंचा क्रम बिनचूक लावते, पण वस्तू दहा असल्या, किमती चढत्या असल्या, एक अपग्रेड दुसऱ्याला हात देत असलं, की ती फक्त चांगला अंदाज राहते. माझ्या मते तो अंदाज पुरेसा आहे. त्यापुढचे दोन टक्के मिळवायला जो वेळ जाईल त्यात भाकरी होते.

शेवटचा निर्णय मात्र या बेरजेत मावत नाही: सगळं पुसून पहिल्यापासून सुरू कधी करायचं? खेळाचा तो भाग असा आहे की एकूण भाजलेल्या कुकींवरून तुम्हाला पातळी मिळते, आणि काही अपग्रेड घेऊन कुलूप उघडलं की प्रत्येक पातळीमागे पुढच्या डावात उत्पन्न १ टक्क्याने वाढतं. पातळी काढायची ती घनमुळाने. एक लाख कोटी कुकी भाजल्या तर पातळी १. पातळी १० हवी तर त्याच्या हजारपट. म्हणजे पातळी दुप्पट करायला एकूण कुकी आठपट लागतात. एकदा वसुली तासांवरून दिवसांवर गेली की जुना डाव ताणून आठपट गाठण्यापेक्षा नवा डाव जोरात सुरू करणं स्वस्त पडतं, कारण नव्या डावात पुन्हा आजी १०० कुकींना मिळते आणि सगळ्या वसुल्या मिनिटांवर येतात. ॲडव्हेंचर कॅपिटलिस्टमध्ये हेच काम देवदूत गुंतवणूकदार करतात, पण तिथे वर्गमूळ आहे, म्हणजे दुप्पट देवदूतांना चौपट कमाई पुरते. तिथे डाव लवकर लवकर मोडायला हरकत नसते.

भाच्याने त्याचा डाव पातळी ३ वरच मोडला. म्हणाला, परत आज्यांपासून खेळायला मजा येते.